लिंबाची जागा

टिटवीचं लिंबाचं झाड रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढलं होतं. सरबत पिताना तोंडात आलेली बी तिनं त्यात खोचली, तेव्हा ओट्यावर ठेवलेल्या त्या डब्यात डोकावायला ती चवड्यांवर उभी राहायची. आता झाड तिच्या डोक्यावर गेलं होतं आणि मुळं डब्याचा गंजका तळ फोडून बाहेर आली होती.

"आता हे जमिनीत गेलं तरच जगेल," मी तिला सांगितलं. "अंगणात जागा नसेल तर सार्वजनिक बागेला देऊन टाकू. तिथं त्याला पाय तरी पसरता येतील."

तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

टिटवी माझी नात, लेकीची मुलगी. दिवसभर तिचं "पण का? पण कसं?" चालू असतं, म्हणून मामानं तिला हे नाव ठेवलं. मामा म्हणजे माझा मुलगा. त्याला धीर कसा तो नाही. चहाला उकळी फुटायच्या आत हा कप पुढे करून उभा.

टिटवीला झाड अंगणाच्या मध्यभागी हवं होतं. तिथं दिवसभर ऊन असतं. मामानं साफ नकार दिला. "मधून न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप गेलाय. नाकासमोर सरळ, फाटकापर्यंत. लिंबाची मुळं त्यात शिरली की घरभर पाणी तुंबेल." त्यानं कुंपणाजवळ चुन्यानं एक गोल काढला आणि लगेच कुदळ उचलली.

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. जमीन म्हणजे झाकलेलं भांडं. आत काय शिजतंय ते बघायला झाकण उचलावं, भांडं फोडू नये. वीज, पाणी, गॅस, सगळ्या कार्यालयांना फोन केले, आणि त्यांच्याकडून लाइनी शोधणारी ताई आली.

तिनं एका लहानशा डब्याचा चिमटा नळाच्या लोखंडी पाइपाला लावला. मग हातातलं दांड्यासारखं यंत्र जमिनीलगत फिरवत चालू लागली. यंत्र मध्येच कुईं करी, मध्येच गप्प होई. तिच्या पावलावर पाऊल टाकत आमची टिटवी.

"ते ओरडतं का?"

"डबा पाइपात संदेश सोडतो आणि माझा दांडा तो ऐकतो. जिथं जास्त ओरडेल, तिथं खाली पाइप."

पाण्याची निळी रेघ उमटली, मग चिमटा हलवून विजेची लाल, गॅसची पिवळी. तिन्ही घराच्या भिंतीलगत गेल्या, एकही चुन्याच्या गोलाजवळ नाही.

"बघा! उगाच आठवडा घालवला," मामा म्हणाला. "खणू आता?"

"पण ताई, सांडपाण्याचा पाइप?" टिटवीनं विचारलं.

"तो प्लास्टिकचा, गं. प्लास्टिकपुढे माझं यंत्र बहिरं. त्याचं सामान दुसऱ्या गाडीत आहे. मी पुन्हा येईन."

टिटवी त्या चिमट्याकडे बघत राहिली. मी ओठांवर बोट ठेवून मामाला गप्प केलं. मूल विचार करत असताना मध्ये बोलू नये.

"पण ताई, लोखंड त्याला ऐकू येतं ना? मग पाइपाच्या पोटातच तार घातली तर?"

ताईचे हात थांबले. "अगं, ते सामान म्हणजे तेच. लांबलचक तार. तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच तर आत्ता दाखवलंत."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण तोंडानं मी एवढंच म्हणाले, "मामा, कपडे वाळत घालायची तार सोड."

"आई, माझे शर्ट आहेत तिच्यावर!"

"मग घाल अंगात एकावर एक."

ताईनं न्हाणीघराबाहेरचं झाकण उचललं, टिटवीला हातमोजे दिले. तार थोडी आत गेली आणि अडकली. पुन्हा सारली, पुन्हा अडकली.

"टोक बोचतंय सांध्यात," मी म्हणाले. "अंगठीसारखी वळी दे त्याला."

वळी दिल्यावर तार सुळकन आत गेली. ताईनं चिमटा लावला आणि दांडा टिटवीच्या हातात ठेवला.

"सरळ चाल," मामा म्हणाला.

ती सरळ चालली. चार पावलांवर आवाज विरला. ती मागे आली, डावीकडे वळली. कुईं! कुंपणाकडे, आणखी कुंपणाकडे, आणि चुन्याच्या गोलात यंत्रानं अक्षरशः बोंब ठोकली.

"असं कसं? पाइप सरळ आहे!" मामा म्हणाला.

"मामा, तुझ्याच गोलात ओरडतंय."

ताईनं तिला रंगाचा डबा दिला. रेघ ओढत ओढत टिटवी गोलापाशी आली आणि थांबली. एकदा तिनं लिंबाकडे पाहिलं. ती रेघ पुढे गेली की झाड बागेत जाणार, हे तिला कळत होतं. मग तिनं हात घट्ट केला आणि रेघ गोलाच्या आरपार ओढली. वाकडी न करता.

मामा तिच्याजवळ उकिडवा बसला. "टिटवे, बागेत रोज जाऊ आपण. मी नेईन तुला."

तिनं नाक पुसलं. बघते तर तिची नजर अंगणाच्या मध्यावर.

"पण मामा, पाइप जर इकडून गेलाय, तर मध्ये काय आहे?"

ताई दांडा घेऊन अंगणाच्या मध्यभागी गेली. उभं फिरवलं, आडवं फिरवलं. यंत्र चिडीचूप.

"माती आहे," ताई म्हणाली. "नुसती माती."

मामानं कुदळ डोक्यावर उगारली. तशीच खाली घेतली आणि भाचीला विचारलं, "घालू का घाव?"

"नको. आधी खुरप्यानं. हळू."

तेवढ्यात शेजारच्या काकांनी कुंपणावरून डोकं काढलं. "काय हो, एवढ्या उकाड्यात तीन तीन शर्ट? आणि खुरप्यानं खड्डा? रात्र होईल!"

"होऊ दे," मामा चिमूटचिमूट माती काढत म्हणाला. "आमच्या टिटवीनं शोधलेली जागा आहे ही."