गृहिणीच ना?

"काहून लिहिलं असं? मी काय माश्या मारून राहिली का?" आईने दातांनी दोरा तोडत विचारलं. तिच्या मांडीवर खाकी सदऱ्यांचा ढीग होता. पासष्टची लढाई थांबली होती. जबलपूरचे कारखाने थांबले नव्हते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सर्वेक्षणाच्या ऑफिसात तात्पुरती. घरी बसून सैन्याचे कपडे शिवणाऱ्या बायका मोजायच्या होत्या. मोहल्ल्यात पंचवीस निघाल्या, तर तिथेच केंद्र उघडणार होतं. कापड थेट मिळणार, गोहलपूरच्या ठेकेदाराच्या पायऱ्या चढायला नकोत. आईच्या नावापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं.

"आई, ऑफिसात सगळे वाचतात. बाबा कारखान्यात हेडक्लार्क, अन् तू..."

"काज करते. चोरी तर नाही करत! पंचवीस लागतात ना? मग लिही."

"एकीने काय फरक पडते?"

आई पुढचं काज करू लागली. मी खोडलं नाही.

शेजारच्या अंजनीकाकूंना "काय काम करता?" असं विचारायला हवं होतं. फॉर्मवर तसंच छापलं होतं. मी विचारलं, "गृहिणीच ना, काकू?"

काकूंनी खाकी तुकडे पायाने खाटेखाली सरकवले. "हो बाई, तेच लिही. भाऊजींना समजलं तर घर डोक्यावर घेतील."

मग दारोदार मी तसंच विचारलं. बायकांना बरं वाटायचं. मलाही. चाळीसेक घरांत खाकी कापड होतं; नऊ जणींनी ठासून काम सांगितलं. केंद्र दुसऱ्या मोहल्ल्यात गेलं.

"किती निघाल्या?" आईने विचारलं.

"नऊ."

"अच्छा," ती म्हणाली. "चल, जेवून घे."

पुढे त्याच ऑफिसात कायम झाल्यावर मी असे कितीतरी तक्ते तपासले. आमच्या मोहल्ल्याचा तक्ता बेरजेला अगदी बरोबर होता.

आई मागच्या महिन्यात गेली. त्या केंद्राबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. अकरा वर्षं गोहलपूरला चालत गेली. रस्ता ऑफिससमोरूनच होता. मी खिडकीतून पाहायची. काखेत गाठोडं घेऊन ती यायची आणि ऑफिसचं फाटक जवळ आलं, की पलीकडच्या कडेला जाऊन पदर पुढे ओढायची. मला ओळख द्यावी लागू नये म्हणून.

मी कधी हाक मारली नाही.