थोरल्या जाऊबाईंचा खटका

माझा नवरा एकुलता एक. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने सुटकेचा श्वास सोडला, पोरीला जावांचा जाच नाही म्हणून. बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात एक थोरली जाऊ आधीपासून होती. लाल रंगाची, पेट्रोल पिणारी, आणि सासऱ्यांचा जीव माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त.

आमचा धंदा झाडं कापायचा. वाळलेलं, वाकलेलं, कुणाच्या भिंतीत घुसलेलं, काहीही असो. वरच्या फांद्या नवरा हातकरवतीने उतरवतो, मी खाली दोर धरते आणि गिऱ्हाइकाशी भांडते, आणि बुंधा आला की जाऊबाईंचं काम. जाऊबाई म्हणजे सासऱ्यांचा जुना चेनसॉ. बाबा त्याला कौतुकाने ‘थोरली’ म्हणत, म्हणून मीही आपलं नातं जोडून घेतलं. थंडी पडली की थोरलीच्या अंगावर बाबांचा स्वेटर चढायचा. मला कधी शिंक आली तर, "नाक तिकडे कर."

थोरलीची एक तऱ्हा होती. ती बाबांशिवाय कुणाच्या हातून सुरू व्हायची नाही. नवरा तिची सुरू करायची दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा. मी एकदा जोर लावला आणि मागच्या कुंडीत जाऊन बसले. मग बाबा गाडीतून उतरायचे. दोन्ही गुडघे रुसलेले, त्यामुळे उतरायलाच वेळ लागे. डोक्यावरची टोपी काढून थोरलीवर ठेवायची, टाकीवर तीनदा टकटक करायची, वाकून तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचं (चेनसॉला कान कुठे असतो ते त्यांनाच ठाऊक), टोपी उचलायची आणि एकच हिसका. धर्रर्र! गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं. बाबा कुणाकडे न बघता परत गाडीत. बंद करायलाही तेच लागत.

मला त्या नाटकाचा भयंकर राग यायचा, पण एक गोष्ट मला कळत होती. गुडघे गेल्यापासून बाबांना दुसरं काही करता येत नव्हतं. रोज सकाळी आमच्या आधी बूट घालून गाडीच्या पुढच्या सीटवर बसायचे ते ह्या एका हिसक्यासाठी. तो हिसका होता म्हणून ते कामाला जाणारा माणूस होते. नाहीतर घरात बसलेले आजोबा झाले असते, आणि तेही नातवंडं नसलेले.

तर दातांच्या डॉक्टरांच्या अंगणातलं झाड काढत होतो. बुंधा अर्धा कापून झाला आणि थोरली खोकली, एकदा काळा धूर सोडला आणि गप्प झाली. बाबांनी टोपी ठेवली, टकटक केली, पुटपुटले. काही नाही. पुन्हा पुटपुटले, ह्या वेळी जरा रागाने. काही नाही. डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "अर्धवट सोडून जाऊ नका हो, मी माझ्या पेशंटला असं कधी करत नाही."

झाडाला दोर बांधून आम्ही घरी आलो आणि घरात महायुद्ध पेटलं.

"नवीन घेऊ," नवरा म्हणाला. "निळ्या कंपनीचं. हलकं आहे, आवाज कमी, आणि बोट लावलं की सुरू होतं."

"निळी?" बाबा अशा आवाजात म्हणाले की वाटावं पोराने पळून जाऊन लग्न करायचं ठरवलंय. "लाल कंपनीचं लोखंड आणि निळ्या कंपनीचं प्लॅस्टिक! दुरुस्त करून आणा. थोरली अजून वीस वर्षं चालेल."

"बाबा, तुम्ही तरी चालाल का एवढी?"

हे बोलायला नको होतं. बाबांनी ताट सरकवलं, नवऱ्याने पाठ फिरवली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. मग नेहमीप्रमाणे दोघांच्या भांडणात तिसरीच्या डोक्यावर भार. जाऊबाईंना कडेवर घेऊन मेकॅनिककडे मी गेले.

ह्या मेकॅनिकला सगळे ‘होईल-बघू’ म्हणतात. काहीही समोर ठेवा, तो म्हणतो, "होईल, बघू." त्याच्याकडे एक पंखा मी लहान असल्यापासून होतोय. त्याने थोरलीचं पोट उघडलं, आत डोकावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही होणार."

"का?"

"पिस्टन फुटलाय. हा पार्ट कंपनीनेच बनवायचा सोडला. आणि वहिनी, हा खटका उलटा कुणी बसवलाय?"

"कसला उलटा?"

"हा बघा, चालू-बंदचा. ‘चालू’वर ठेवलं की मशीन बंद, ‘बंद’वर ठेवलं की चालू. नट सैल करून अर्धा फिरवला की झालं सरळ. हे फुकटात करून देतो," असं म्हणून त्याने पान्हा उचललाही.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

कारण माझ्या डोक्यात सगळा लख्ख प्रकाश पडला होता. टोपी! टोपीच्या आड अंगठ्याने खटका ‘बंद’वर ढकलायचा आणि वर आम्हाला टकटक ऐकवायची! आम्ही इतकी वर्षं ‘चालू’वर ठेवून दोरी ओढतोय आणि म्हातारा गाडीत बसून मजा बघतोय! मला आधी संताप आला. मग तिथेच टायरवर बसून मी पोट धरून हसले. आणि घरी जाताना रडूही आलं, कारण आता निळी येणार होती आणि निळीचा खटका सरळ असणार होता.

निळी आली. नवऱ्याने अंगणात ‘चालू’ करून एकदाच दोरी ओढली, आणि ती शहाण्या मुलीसारखी सुरू झाली. मीही ओढली. सुरू. शेजारीण सहज डोकावली होती, तिच्याही हातून सुरू. बाबा पायरीवर बसून बघत होते. उठले, बूट काढले आणि कपाटात ठेवून दिले.

"उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले. "तुमचं मशीन फार हुशार आहे."

रात्री ते नीट जेवले नाहीत. माझा जीव तीळ तीळ तुटला, हे मी कबूल करते. ह्या माणसाने मला दहा वेळा शिंकण्यावरून टोकलं असेल, पण त्यांच्याशिवाय ती पुढची सीट मला बघवणार नव्हती.

पहाटे दूध तापवायला उठले तेव्हा नवरा अंघोळीला गेला होता. मी दुधाचं पातेलं उतरवलं आणि तीच सांडशी घेऊन मागच्या खोलीत गेले. निळीचा नट सैल केला, खटका अर्धा फिरवला, नट घट्ट केला. जय हो. परत येऊन चहा टाकला आणि बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"बाबा, चला."

"कशाला?"

"डॉक्टर फार बडबड करतात. मी दोर धरू की त्यांच्याशी बोलू? तुम्ही फक्त त्यांना सांभाळा."

बरीच मनधरणी करावी लागली, पण आले. बूट घालताना उगाच पुटपुटत होते. नवरा तोवर गाडीत सामान चढवत होता आणि त्यालाही आज फार वेळ लागत होता.

डॉक्टरांच्या अंगणात नवऱ्याने निळी बाहेर काढली. खटका आमच्या सगळ्यांदेखत ‘चालू’वर ठेवला. एवढा उंच धरून, एवढं दाखवून ठेवला की मला जरा नवल वाटलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "बघू या आता होतं का सुरू!" आणि दोरी ओढली.

धर्रर्र!

"अरे, हे कसं काय सुरू झालं?" नवरा किंचाळला.

"अगं बाई, हे सुरू कसं झालं?" मी त्याच क्षणी किंचाळले.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. नवं कोरं मशीन सुरू झालं म्हणून भुतासारखे पांढरे पडलेले नवरा-बायको जगात आम्हीच असू. त्याने घाईघाईने खटका ‘बंद’ केला. मशीन निमूटपणे बंद झालं.

बाबा गाडीतून उतरले. सावकाश आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सुरू व्हायला नको होतं का?"

आम्ही दोघंही झाडाकडे बघत राहिलो. बाबांनी चष्मा लावला, निळी उचलून डोळ्यांजवळ नेली, नटवरून नख फिरवलं.

"हे पकडीचे दात. ही पक्कड माझ्या पोराची, एक दात तुटलेला आहे." मग त्यांनी नखाने काहीतरी खरवडलं. "आणि नव्या मशीनला साय कधीपासून धरायला लागली, सूनबाई?"

मी सांडशी पुसायला विसरले होते.

"तुला कधीपासून माहीत?" त्यांनी पोराला विचारलं.

"लहान असल्यापासून, बाबा," नवरा मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही साफ करताना चुकून उलटा बसवलात आणि दोन दिवस कंपनीला शिव्या घालत होतात. मी पलंगाखाली होतो. नंतर तुम्हाला कळलं, पण तुम्ही कुणाला सांगितलं नाही. मग मी पण नाही सांगितलं."

"आणि मोठेपणी उगाच दोरी ओढून खांदे दुखवून घेतलेस?"

"तुम्हाला आवडायचं ना."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी अंघोळीच्या वेळी फिरवला आणि त्याने सामान चढवताना फिरवला, असा हिशेब माझ्या डोक्यात आत्ता कुठे जुळत होता. दोन शहाण्यांनी मिळून मशीन सरळ करून ठेवलं होतं.

"पक्कड दे," बाबा म्हणाले.

नवऱ्याने दिली. बाबांनी आमच्यासमोरच, अंगणाच्या मधोमध, नट सैल केला, खटका अर्धा फिरवला आणि घट्ट आवळला. मग निळी पोराच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

"ओढ आता."

नवऱ्याने खटका ‘चालू’वर ठेवला आणि ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मी पण ओढली आणि ह्या वेळी कुंडी बघून बाजूला पडले. डॉक्टरांनी खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो, नवीनसुद्धा बिघडलं?"

"काय करणार, डॉक्टर," नवरा कपाळ पुसत म्हणाला. "बाबा, तुम्हीच या. आमच्याच्याने होत नाही."

बाबा उतरले. सावकाश आले. टोपी काढून निळीवर ठेवली, टाकीवर तीनदा टकटक केली, वाकले आणि बराच वेळ पुटपुटले. मग एकच हिसका, आणि निळी गर्जली. डॉक्टरांनी खिडकीतच टाळ्या वाजवल्या.

"कमाल आहे! काय सांगितलंत हो तिच्या कानात?"

"काही नाही," बाबा टोपी घालत म्हणाले. "म्हटलं, दोघंही वेडी आहेत. सांभाळून घे."