धावत्या डब्याची मागची बाजू

ताराचंद गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला, त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि भाषा गेली. भाषेतला एकच शब्द मागे राहिला, तो म्हणजे हो. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. मनात वाक्य लख्ख तयार असायचं, पण तोंडापर्यंत येता येता त्याचं हो होऊन जायचं. मान हलवावी, तर ती कधी उभी जायची, कधी आडवी, आणि कोणती गेली हे त्यांचं त्यांनाच कळत नसे. रामदासपेठेत बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं, "यांच्या हो-नाहीवर विसंबू नका. वेळ लागेल."

गुरुजींच्या पत्नी जिजाबाईंनी ते ऐकलं आणि कामाला लागल्या. नात उन्नतीनेही ऐकलं, पण तिला ते मनापासून पटलं नव्हतं.

त्याचं कारण गुरुजींची शिकवण्याची रीत. रामटेकच्या शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं, पण उत्तर म्हणून कधी सांगितलं नाही. एखादी वस्तू मुलाच्या हातात द्यायची आणि मूल आपणहून बोलेपर्यंत गप्प बसायचं. चुकलं की फक्त म्हणायचं, "आणखी पाहा." असं कितीदा तरी ऐकल्यावर कधीतरी एक हो मिळायचा, आणि ज्याला मिळाला ते पोर घरी जाऊन आईला सांगायचं की आज गुरुजी हो म्हणाले. उन्नती याच रीतीत वाढली होती. आबांचा हो मिळवावा लागतो, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिने पुठ्ठ्याचे दोन मेट्रोचे डबे आणून गुरुजींच्या पलंगावर मांडले. एक लांब होता. दुसरा उंचीला तेवढाच, पण लांबीला अर्धा. जिजाबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"आबा, नीट ऐका हं. उद्या हे परीक्षकांना आवडलं तर मी राज्याच्या प्रदर्शनात जाणार. आणि तुम्हाला न विचारता मी आजवर काहीच केलेलं नाही."

तिने घसा साफ केला. "हा डबा स्टेशनात उभा आहे. हाच डबा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावला, तर प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला तो असा दिसेल. चपटा. दोन्हीकडून दाबल्यासारखा. फोटो काढला तर फोटोतही असाच येईल."

गुरुजी अर्ध्या वाक्यापर्यंत खूश होते. धावता डबा आखूड भरतो हे खरंच. प्लॅटफॉर्मवर जागोजागी माणसं उभी करून, सगळ्यांनी एकाच क्षणी खुणा केल्या, तर लांबी तेवढीच भरेल. पण मोजणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्यांच्या मनात लग्नघराचा दाखला तयार झाला. नागपुरात लग्न असलं की लांबच्या भिवापूरचे पाहुणे पहाटेच निघतात आणि गावातल्याच रामदासपेठेतले अगदी ऐनवेळी. मांडवात सगळे एकदमच पोचतात, पण भिवापूरकर सांगतात ती गावची खबर पहाटेची असते. डोळ्याचंही तसंच. डोळ्यात एकदम पोचलेला प्रकाश एकदम निघालेला नसतो. डब्याच्या लांबच्या कोपऱ्यातून तो आधीच निघालेला असतो, आणि तेवढ्यात डबा पुढे सरकून वाट मोकळी करतो, म्हणून एरवी न दिसणारी मागची बाजूही दिसते. डबा दाबलेला दिसत नाही. वळलेला दिसतो.

एवढं सगळं मनात जुळलं, आणि तोंडातून आलं, "हो."

उन्नतीचा चेहरा उजळला.

"हो, हो," गुरुजी कासावीस होऊन म्हणाले.

"बघ आजी. दोनदा म्हणाले."

"अवं, ते तं चहालेही दोनदा म्हणतात," जिजाबाई शेंग मोडत म्हणाल्या.

गुरुजींनी डावा हात उशाकडे नेला. तिथे गोळ्यांचा खोका होता. तो त्यांनी उन्नतीसमोर आडवा धरला आणि सावकाश थोडासा फिरवला, मागची बाजू दिसेल इतका.

"गोळी तं आत्ताच देल्ली तुमाले," जिजाबाई म्हणाल्या. "आता झोपताना."

"आजी, थांब नं. आबा काही दाखवून राहिले."

ती वाकून बघू लागली. गुरुजींनी खोका पुन्हा आडवा केला, पुन्हा फिरवला. आणखी पाहा, ते मनात म्हणत होते. पोरी, आणखी पाहा. उन्नतीने डोळे बारीक केले, खोक्याच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं आणि छापलेलं वाचलं.

"तारीख संपली असं वाटतं का तुम्हाला? नाही आबा, पुष्कळ बाकी आहे."

तिने खोका हळूच काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

मग गुरुजींनी तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट केलं. अक्षरं तर केव्हाच गेली होती, पण आकार काढता येईल असं त्यांना वाटलं. चेंडू कितीही वेगाने गेला तरी डोळ्याला गोलच दिसतो, एवढं कळलं तरी ती उरलेलं स्वतः शोधून काढेल. डाव्या हाताने, दात आवळून, त्यांनी वाकडातिकडा गोल काढला.

उन्नती बघत राहिली. मग हसली. "शून्य? परीक्षक मला शून्य देणार म्हणता?"

"शुभ तं बोला जरा," जिजाबाईंनी दटावलं.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण झटका आल्यापासून त्यांना उगाचच रडू यायचं, टीव्हीवरच्या जाहिराती पाहूनही यायचं. त्यामुळे त्या पाण्याचाही कोणी अर्थ लावला नाही. उन्नतीने ओढणीने त्यांचे डोळे पुसले आणि आखूड डब्याखाली पाटी चिकटवली. पाटीवर होतं, 'धावताना असा दिसेल.'

दुसऱ्या दिवशी ती उन्हं उतरल्यावर आली. चपला काढून बराच वेळ दारातच उभी राहिली. डब्यांची पिशवी तिने पलंगाखाली सरकवली.

"काय झालं वं?" जिजाबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या शाळेची निवड झाली."

"काहून? तुह्यं तं पाठ होतं सगळं."

"पाठ होतं नं. मी तेच बोलले." ती भिंतीकडे बघत सांगू लागली. "कॉलेजच्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, फोटोत असाच येईल का? मी म्हटलं, येईल. त्या म्हणाल्या, पुन्हा विचार कर. मी म्हटलं, विचार काय करायचा, माझ्या आबांनी तपासलं आहे."

"मंग तू सांगतलं नाही का, आबाची तब्येत अशी आहे म्हणून?"

"नाही सांगितलं."

जिजाबाई उठून आत गेल्या, पाण्याचा पेला आणला, तिच्या हातात दिला.

गुरुजी उन्नतीकडे टक लावून बघत होते. तिने आपल्यावर चिडावं असं त्यांना फार वाटलं. चिडली असती तर आबांना सगळं कळतं, असं ती अजून मानते, असा तरी त्याचा अर्थ झाला असता. पण ती चिडली नाही. पाणी प्यायली, पलंगाच्या कडेला बसली आणि घरी येणारे-जाणारे त्यांच्याशी बोलत तशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

"आबा, तुम्ही विसरलात. असू द्या. मी सांगते हं."

आणि मॅडमनी समजावलेलं तिने सांगितलं. लांबच्या कोपऱ्यातला प्रकाश आधी निघतो, जवळचा नंतर, म्हणून मागची बाजू दिसते. ती घाई करत नव्हती. एक पायरी सांगून थांबायची, त्यांचा चेहरा बघायची, मगच पुढची सांगायची. किती छान शिकवते ही, गुरुजींना वाटलं. हे मला ठाऊक होतं, हे तिला कधीच कळणार नाही, तेही मग त्यांनी गिळून टाकलं.

"म्हणजे बघा," उन्नती शेवटी म्हणाली, "ते आखूड होणं वगैरे सगळं खोटंच. डबा होता तेवढाच राहतो, नुसता वळलेला दिसतो. पुढच्या वर्षी मी हेच मांडणार."

गुरुजी दचकले. मॅडमनी असं सांगितलं नसणार. आखूड भरणं खोटं नव्हे. मोजलं तर डबा आखूडच, बघितला तर वळलेला, आणि दोन्ही खरं. त्यातलं एक धरून दुसरं टाकायचं नसतं, पोरी. अजून वर्ष हातात आहे.

त्यांचा डावा हात उठला आणि चादरीवर काहीतरी शोधू लागला. काहीही चाललं असतं. मोजायची पट्टी, काडी, एखादी तुरीची शेंग.

"असू द्या, आबा," उन्नती म्हणाली. "त्रास नका करून घेऊ."

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गुरुजींनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. हाताची थरथर तिला जाणवली, तशी तिने तो आणखी घट्ट, मायेने धरून ठेवला.