लपलेली रेघ

सोमवारी संचिता बोलत नसे. सकाळच्या पूजेपासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत मौन. अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. आणि नेमकं सोमवारीच तिला ऑसिलोस्कोप बघायला राई गावाला जावं लागलं. विजेची थरथर पडद्यावर रेघेत दाखवणारं ते जुनं यंत्र दुपारी भंगारात जाणार, असा विकणाऱ्याच्या घरून मेसेज आला होता.

बेव्हर्ली पार्कातल्या भजनी मंडळासाठी तिनं घरीच विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी जुळवली होती. बाकी सूर सुरेख लागत, पंचम तेवढा कापायचा. "संचिताताई, तुमच्या तंबोऱ्याला थंडी वाजतेय हो, शाल द्या त्याला!" बायका हसत. ती थंडी कानाला कळे, पण येते कुठून ते डोळ्यांना दिसल्याशिवाय सापडणार नव्हतं.

खाडीकडच्या त्या खोलीत दुपार पाण्यासारखी साचली होती. दशरथकाकांनी जन्मभर इथं टीव्ही दुरुस्त केले. त्यांनी यंत्र सुरू केलं. पडदा हिरवट, रिकामा.

"चालू हाय का बंद हाय, सांगा," काका म्हणाले. "आधीचे दोघं बंद म्हणून गेले."

संचितानं 'आज मौन आहे' लिहिलेली चिठ्ठी पुढं केली.

"चष्मा न्हाय. तोंडानं बोला."

अंगणात मासळी साफ करणारी त्यांची सून पिंकी ओरडली, "मुकी हाय का ओ बाई? तंबोऱ्याच्या थंडीवर मेसेज तर हातभर लिवते!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. "भंगारवाला आला," काका म्हणाले. "ज्याला कळत न्हाय त्याच्या घरी धूळ खान्यापरीस भंगारात गेलेला बरा."

संचिताच्या जिभेवर शब्द आला. एकच शब्द, देव काय रागावणार होता? तिनं डोळे मिटले, तो शब्द गिळला आणि यंत्राला हात जोडून बटणांवर बोटं ठेवली. एक बटण फिरवून उजेड वाढवला. दुसरं फिरवलं, फार हळू, निरांजनाची वात सारावी तसं. पडद्याच्या तळातून एक हिरवी रेघ वर येऊ लागली. येत येत मधोमध थांबली, भरतीच्या पाण्यासारखी निवांत.

काका हसले. रेघ त्यांनीच खाली लपवून ठेवली होती.

संचितानं यंत्राच्या वायरचं टोक बोटानं धरलं. घरभर भिनलेली वीज तिच्या अंगातून गुपचूप वाहत होती. ती आता पडद्यावर उतरली. रेघ डुलू लागली. लाट, मग लाट, मग लाट. हॉर्न वाजत होता की नाही, तिला कळलं नाही.

"रेघेतनं बोलली गो," काका पुटपुटले. मग दाराकडे वळून, "पिंके, टेम्पोवाल्याला परत धाड!"

हात पुसत आत आलेल्या पिंकीनं चिठ्ठी वाचली आणि जीभ चावली. यंत्र गुंडाळायला तिनं स्वतःची चादर काढून दिली.

तिन्हीसांजेला घरी संचितानं देवापाशी दिवा लावला. मौन सुटलं. पहिला शब्द नेहमी नामाचा. तो हळूच घेतला. मग तिनं तंबोऱ्याची पेटी यंत्राला जोडली. बाकी तीन तारांच्या लाटा संथ होत्या. पंचमाच्या लाटेवर मात्र बारीक काटा उभा होता, थेट अंगावर येतो तसा.

तिनं फोन लावला.

"काका," ती म्हणाली, "थंडी दिसली."