चौथा खिसा

मी भिंतीवरचा तक्ता बोलतोय. कागदाचा नव्हे, चांगला जाड कापडाचा. चर्चच्या मागच्या खोलीत, खिडकी आणि कपाटाच्या मधे, दोन खिळ्यांवर बारा वर्षं लटकतोय. माझं बोलणं सपाट वाटलं तर रागावू नका. लटकून लटकून असंच झालंय. फारसं हसू येत नाही, रडूही येत नाही. कुणी पाठ टेकून उभं राहिलं तरी मी हूं की चूं करत नाही.

मला शिंपीकाकांनी शिवलं. त्यांची बायको म्हणजे आमच्या संडेस्कूलच्या बाई. तेव्हा सगळी पोरं एकाच चटईवर बसायची. तीन वर्षांचं पोर झोपायचं, दहा वर्षांचं त्याला चिमटे काढायचं आणि चौदा वर्षांचं खिडकीबाहेर बघत बसायचं. बाईंनी मग वह्या काढल्या, पोरांची वयं लिहिली आणि तीन वर्ग पाडले. तीन ते सहा बाळवर्ग, सात ते दहा मधला, अकरा ते चौदा मोठा. बाई म्हणायच्या, "बाळवर्गाला हाताला लागेल ते खरं. मधला विचारतो, मग पुढे काय झालं? आणि मोठा विचारतो, कशावरून? तिघांना एकच गोष्ट एकाच तोंडाने सांगून कसं चालेल?"

त्यांनी काकांकडे तक्ता मागितला. एकावर एक तीन मोठे खिसे, प्रत्येक पोराचं एक कार्ड. बाळवर्गाचा खिसा सगळ्यात खाली, कारण तीन वर्षांच्या पोराचा हात तिथवरच पोहोचतो. काकांनी आधी तो सगळ्यात वर शिवला होता. "यादीत पहिला तो वर," असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "मग पोरांना शिडी पण शिवून द्या." काकांनी गुपचूप टाके उसवले. मला जन्मतःच एकदा उसवलेलं आहे, ते असं.

काका लहान पोरांचे कपडे शिवणारे. वाढत्या अंगाचं म्हणून चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, ही हाताला लागलेली सवय. माझ्याही वरच्या बाजूला त्यांनी वीतभर कापड दुमडून टीप मारली.

"अहो, तक्ता काय वाढणार आहे?" बाई म्हणाल्या.

"तक्ता नाही. तुझी पोरं वाढतील."

बाळवर्गाला वाचता येत नाही, म्हणून कार्डावर नावाऐवजी चित्र. ज्याचं त्यानं निवडायचं. छत्री, कुलूप, भोपळा, बादली. मग पोरांना त्याच नावानं हाका पडायला लागल्या. भोपळा पुढे काडीसारखा उंच झाला तरी भोपळाच राहिला. बाई आणि काकांची एकुलती एक मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिनं मुंगी काढायला लावली.

"मुंगीच का गं?" काकांनी विचारलं.

"मुंगीने साखर खाल्ली तर तिला कुणी ओरडत नाही."

रविवारी आलं की आपलं कार्ड खिशातून काढायचं आणि खालच्या टोपलीत टाकायचं. टोपलीत पडला तो हजर, खिशात उरला तो गैरहजर. सलग तीन रविवार कार्ड खिशात राहिलं की कुणीतरी घरी जाऊन विचारपूस करायची. वर्षाच्या पहिल्या रविवारी, ज्याचं वय भरलं त्याचं कार्ड वरच्या खिशात चढायचं. त्या दिवशी पोरं छाती काढून चालायची. एवढंच माझं काम. फार अक्कल लागत नाही.

मुंगी वर्षभर आली. चार वर्षांची झाली आणि तिला ताप आला. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी नव्हता, आणि तीही नव्हती.

पुढच्या रविवारी बाई आल्या. त्यांनी चटई झटकली, खडू मोडून दोन केले आणि शिकवलं. संपल्यावर टोपलीतली कार्डं खिशात परत ठेवली. मुंगीचं कार्ड खिशातच होतं. त्यांनी ते काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढायला हवं होतं का? मला माहीत नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तीन रविवार झाले, विचारपूस करायला कुणी गेलं नाही. कुठे जाणार?

तीन वर्षांनी छत्री, कुलूप, भोपळा सगळे सात वर्षांचे झाले. त्यांची कार्डं बाईंनी मधल्या खिशात चढवली, आणि त्यांच्याबरोबर मुंगीचंही. कपाटातले कप लावावेत तसं लावलं. अकराव्या वर्षी मोठ्या खिशात. पोरांनाही सवय झाली. आपलं कार्ड काढताना मुंगीचं चुकून वर आलं तर छत्री ते नीट आत सरकवायची. एवढी वर्षं तिचं कार्ड गैरहजर राहिलं, म्हणून त्याचे कोपरे नव्यासारखे आहेत. बाकीच्यांची मळून, चघळून वाट लागली आहे.

बाईंनी वर्षभराचे पाठ चिठ्ठीवर लिहून प्रत्येक खिशाला टाचणीने लावलेले असतात. त्यात एक गोष्ट कधीच नसते. बायबलातली बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून सगळे रडत असतात, आणि येशू तिला हाताला धरून उठवतो, ती. कुलपाने एकदा विचारलं, "बाई, ही आपल्याला कधी शिकवलीच नाही?" बाई म्हणाल्या, "वेळ पुरत नाही रे." वर्षाला बावन्न रविवार असतात.

तर गेल्या वर्षी ही पोरं पंधराव्या वर्षाला टेकली. मोठ्या वर्गाच्या वर काही नाही. वय संपलं की कार्ड काढून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि पोरानं पुढे मोठ्यांत बसायचं. मुंगीचं कार्ड कुणाच्या हातात देणार? माझ्यात तीनच खिसे. हा पेच बाईंना दिसत होता आणि मलाही. बाकी कुणाला दिसत असेल तर तसं दाखवलं नाही.

त्याच सुमारास नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, कागदांवर रेघा ओढून चौकटी करणारे. मुलांच्या शिक्षणाची नवी आखणी करू या म्हणून त्यांनी मंडळींना मागच्या खोलीत बोलावलं. बाई उभ्या राहिल्या आणि अर्धा तास बोलल्या. पंधरा वर्षांच्या मुलांना आपण वाऱ्यावर सोडतो, म्हणाल्या. याच वयात प्रश्न पडतात, याच वयात ती यायची बंद होतात. पंधरा ते अठरा असा चौथा वर्ग हवा. सोबत पाठांची यादी, बसायची जागा, शिकवणारं माणूस, सगळं लिहून आणलं होतं. एक शब्दही खोटा नव्हता. पण मी बारा वर्षं बाईंच्या हाताखाली आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कळतं. त्यांना वर्ग हवा होता, पण त्याआधी खिसा हवा होता.

"छान!" पाळकसाहेब म्हणाले. "यंदा चौथ्या वर्गात किती?" त्यांनी उठून मोठ्या खिशातली पंधराव्यात जाणारी कार्डं मोजली. "सात. पण मला रविवारी सहाच दिसतात. ही मुंगी कुठे असते?"

पंखा फिरत होता. चिटणीस खोकले. कुणीतरी पेल्यातलं पाणी प्यायलं.

"ती येत नाही," बाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"बरेच."

पाळकसाहेबांनी वहीत टिपून घेतलं. बिचाऱ्याचं काय चुकलं? तीन रविवारांचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता.

मला खिळ्यावरून उतरवून काकांच्या घराला लागून असलेल्या दुकानात नेलं. बारा वर्षांनी मशीनचा वास आला. बाईंनी मला टेबलावर पसरलं. "वरचं दुमडलेलं उसवा आणि एक खिसा शिवा. पोरं वाढतील म्हणाला होतात ना?"

बाई आत चहा टाकायला गेल्या. काकांनी कात्री घेतली, टोक माझ्या टाक्यात घातलं आणि तसेच बसून राहिले.

तेवढ्यात दारात पाळकसाहेब. हातात नव्या वर्गाचं पुस्तक, कोरं करकरीत. "काका, चर्चच्या जुन्या वहीत पत्ता सापडला. मुंगी इथेच राहते ना?"

"राहायची," काका म्हणाले.

"आता कुठे असते?"

काकांनी कात्री खाली ठेवली. "साहेब, बसा. ती आमची मुलगी. चार वर्षांची असताना गेली. अकरा वर्षं झाली."

पाळकसाहेब बसले नाहीत. त्यांनी पुस्तक पाठीमागे नेलं, चोरलेल्या वस्तूसारखं. "मला कुणी... काका, मला माफ करा. कुणी सांगितलं नाही हो."

"कोण सांगणार? आम्हीच सांगत नाही."

आतल्या दारात बाई उभ्या होत्या. हातात चहाचे दोन कप. दोनच आणले होते, तिसरा माणूस आलाय हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही खिसा शिवा," त्या म्हणाल्या.

"शिवतो. सहा पोरांसाठी शिवतो." काकांचा आवाज चढला नाही. "पण अगं, मी इतकी वर्षं दुमडलेलं उसवतोय. आधी अंग वाढतं, मग कापड सोडायचं. नुसतं कापड सोडून अंग वाढत नाही. आपली मुंगी चार वर्षांची आहे. तू तिला पंधरा वर्षांची करून कुठे पाठवतेस? तिथे ती कुणाला ओळखणार?"

बाईंनी कप मशीनवर ठेवले. मग त्या रडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ऐकलं. सुंदर वगैरे नव्हतं, नाक वाहत होतं. पाळकसाहेबांना काय करावं कळेना, तर त्यांनी दोन्ही कप उचलून एक काकांना दिला आणि एक बाईंना. प्रार्थना केली नाही. मला तो माणूस तेव्हापासून बरा वाटतो.

काकांनी मला उसवलं. आतलं कापड बारा वर्षं उजेडात आलं नव्हतं, त्यामुळे माझा चौथा खिसा बाकीच्यांपेक्षा गडद आहे. नवखे लोक विचारतात, ठिगळ लावलंय का. म्हणू दे त्यांना तसं.

वर्षाच्या पहिल्या रविवारी बाईंनी कार्डं चढवली. छत्री, कुलूप, भोपळा, बादली आणि उरलेले दोघे चौथ्या खिशात गेले. मुंगीचं कार्ड त्यांच्या हातात राहिलं. सगळी खोली हाताची घडी घालून बघत होती. बाई चटईवर गुडघे टेकून खाली बसल्या आणि ते कार्ड त्यांनी सगळ्यात खालच्या खिशात ठेवलं, बाळवर्गात. कुणाला काही समजावून सांगितलं नाही. छत्री मात्र डोळे पुसत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक नवी मुलगी आली. अजून चित्रसुद्धा ठरलं नव्हतं तिचं. तिनं खालच्या खिशात हात घालून मुंगी बाहेर काढली.

"ही कोण?"

"मुंगी," बाई म्हणाल्या. "चार वर्षांची आहे."

"मी पण चार."

"हो का?"

पोरीनं इकडे तिकडे पाहिलं. सगळे आपापली कार्डं टोपलीत टाकत होते. तिनंही मुंगी टोपलीत टाकली आणि चटईवर जाऊन बसली. बाई टोपलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काढतील. त्यांनी काढलं नाही. हजेरी घेताना त्यांनी टोपलीतली सगळी कार्डं मोजली आणि तेवढाच आकडा लिहिला. मला काही वाटत नाही असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. त्या दिवशी वाटलं.

त्या मेलेल्या मुलीला उठवायची गोष्ट अजूनही कुठल्याच चिठ्ठीवर आलेली नाही. येईल तेव्हा येईल. माझे खिळे सैल झालेत, खालच्या खिशाचं तोंड पोरांनी ओढून ओढून फाटत आलंय. उद्या माझं फडकं झालं तरी तक्रार नाही, खुशाल फळा पुसा. फक्त माझ्या जागी नवा तक्ता शिवाल तेव्हा बाळवर्गाचा खिसा खालीच ठेवा, चार वर्षांच्या पोरीचा हात पोहोचेल इतका. तेवढं कृपा करून बघा.