नालोंगोचा पत्ता

वास्वाने तळलेल्या नाकतोड्यांची पुडी नुकतीच उघडली होती. दोन पोटात गेले होते, तिसरा बोटांत होता, तेवढ्यात मुलीकडच्या वक्त्याने माइकवरून हाक मारली.

"ए चौथ्या रांगेतल्या! कोट ढगळ झालेल्या! तू नवरदेवाचा कोण?"

अख्खा मांडव वळला. चारशे माणसं तरी असतील. वास्वाने घास गिळला. "भाऊ. चुलत."

"एकाच कुळातले तुम्ही?"

"एकाच, साहेब."

"आणि कूळ कोणतं म्हणालात मघाशी?"

शेजारच्याने वास्वाला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. "नाकतोड्याचं," वास्वा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःच्या हातातली पुडी दिसली.

ज्या जिवाचं कूळ, तो जीव कुळातल्या माणसाने खायचा नसतो. मसाका गावात हे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. वक्त्याने तर कपाळावर हात मारून घेतला. "मंडळी, बघा! ह्याला भूक लागली की हा सख्ख्या भावाला मीठ लावून तळतो! असल्या घरात आम्ही आमची प्रोस्कोव्हिया द्यायची?"

हसण्याने मांडवाची ताडपत्री हलली. नवरदेव अँब्रोज मान खाली घालून बुटांकडे बघत बसला. कारण खरी गोष्ट एवढीच होती की वास्वा त्याचा कोणीच नव्हता. मुलीच्या दारी मागणी घालायला जाताना वऱ्हाड भरगच्च दिसावं म्हणून अँब्रोजच्या मित्राने टॅक्सी स्टँडवरून बारा जण गोळा केले होते. कांझूचा लांब पांढरा झगा भाड्याचा, त्यावरचा कोट भाड्याचा, जेवण फुकट. कूळ आणि आजोबांचं नाव गाडीतच पाठ करून घेतलं होतं. नाकतोडे खाऊ नका, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

तेवढ्यात मुलीची आत्या उठली. अशा समारंभात आत्याचा शब्द म्हणजे शब्द. "पुरे रे आता. हा नवरदेवाचा कोणी नाही हे आंधळ्यालासुद्धा दिसतंय. पण हा कोणाचा ते मला माहितीये. त्या जुळ्यांच्या आईचा, नालोंगोचा थोरला आहे तो. वीस वर्षं माझा समारंभाचा झगा, ही गोमेसी, ती शिवते. तिचं पोर हावरट असेल, वाईट नसणार. नाचवा त्याला आणि बसू द्या."

मग काय, ढोलकीवाल्यांना तेवढंच हवं होतं. वास्वा नाचला. भाड्याचा कोट खांद्यावरून घसरला तरी नाचला, आणि शेवटी अँब्रोजसुद्धा हसायला लागला.

जेवणं चालू असताना आत्याने त्याला बोलावून घेतलं. "काय रे, तुझी आई गेली कुठे? दुकान होतं तिथे आता गटाराचे पाइप पडलेत."

"रस्ता रुंद केला ना, आत्याबाई. आम्ही न्येंडोच्या बाजारामागे गेलो. तेलाच्या गिरणीशेजारी."

"मग कळवायचं नाही का? प्रोस्कोव्हियाने फोनवर शोधलं, मसाक्यातली गोमेसी म्हणून. नऊ दुकानं आली. तुझी आई नाही."

वास्वाच्या तोंडातलं मटोके, उकडलेल्या केळ्यांचं, एकदम बेचव झालं. आई का नाही, ते त्याला माहीत होतं. जगात त्या एकट्यालाच.

तो एका छपाईच्या टपरीवर बसायचा. लग्नपत्रिका, शाळेचे फॉर्म, हरवलेल्या गाईंच्या जाहिराती. व्हिडिओ बघून बघून वेबसाइट करायला शिकला होता आणि पहिली साइट आईची केली होती. ती सर्चमध्ये चौथ्या पानावर आली. चौथ्या पानावर कोण जातंय? मग त्याने वरच्या दुकानांना निरखून पाहिलं. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुसऱ्या साइट होत्या, लिंक होत्या. प्रत्येक लिंक म्हणजे एक साक्षीदार, असं त्याच्या डोक्यात बसलं. साक्षीदार जितके जास्त तितकं बरं, हेही बसलं. आणि मग एका माणसाने ऑनलाइन सांगितलं, पैसे भर, आठवड्यात पाचशे लिंक देतो.

दिल्यासुद्धा. टायरवाले, जुगारवाले, टकलावर केस उगवणारं तेल विकणारे, न वाचता येणाऱ्या भाषांतले. सगळे मसाक्याच्या एका शिंपिणीची ग्वाही देत होते. अकरा दिवस साइट वर चढली. वास्वा टपरीवर शिट्टी वाजवायचा. बाराव्या दिवशी सर्चवाल्यांनी विकतची साक्ष ओळखली आणि ती गेली. चौथ्या पानावर नाही, चाळिसाव्यावरही नाही.

इकडे आईने ठरवून टाकलं होतं. ईस्टरपर्यंत गिऱ्हाईक वळलं तर ठीक, नाहीतर शिलाई मशीन विकायचं आणि कंपालाला धाकट्या जुळ्याकडे, कॅटोकडे, नातवंडं सांभाळायला जायचं. "मशीन विकणे आहे" अशी पन्नास कार्डं तिने वास्वाकडूनच छापून घेतली होती. ती गठ्ठा बांधून मशीनच्या खणात ठेवलेली होती. तिने ती कोणाला दिली नव्हती, पण फेकलीही नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन वास्वाने सगळं सांगून टाकलं. आधी नाकतोडे, मग पाचशे लिंक.

नाकतोड्यांना आई इतकी हसली की तिला टाचण्या तोंडातून काढाव्या लागल्या. लिंकना नाही हसली.

"पाचशे जणांना पैसे देऊन माझी तारीफ करवलीस?"

"हो."

"त्यातल्या एकाला तरी सुईत दोरा ओवता येतो का?"

"एक टायरवाला आहे..."

"टायरवाला!" तिने पाय पेडलवरून काढला. "अरे गाढवा, आज तुमच्या मांडवात भाड्याचे भाऊ किती होते?"

"बारा."

"आणि तुला वाचवलं कोणी?"

वास्वा भाड्याच्या कोटाची घडी घालू लागला.

"एका बाईने. वीस वर्षं माझी गोमेसी नेसणाऱ्या. आता जा आणि त्या टायरवाल्यांना सांग, नालोंगो तुमची कोणी लागत नाही."

सांगणं सोपं नव्हतं. वास्वाने सव्वातीनशे पत्रं पाठवली. सत्तावीस जणांनी लिंक काढल्या, एकाने शिव्या दिल्या, एकाने टायर देऊ केले. उरलेल्यांची यादी करून त्याने सर्चवाल्यांना कळवलं की हे आमचे नव्हेत, यांची साक्ष धरू नका. कपाळाला हात लावून तो आईला म्हणाला, "आता काय करू?"

"मला येतं ते लिही ना. टायरवाल्यांना थोडंच येतंय ते."

मग रोज सकाळी, टपरी उघडायच्या आधी, आई बोलायची आणि तो टाइप करायचा. खांद्यांची टोकं उभी राहावीत म्हणून आत काय भरायचं. जाड बाईला कापड कुठे सोडायचं, बारीक बाईला कुठे लपवायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कमरेचा पट्टा. गुडघ्यावर बसून नमस्कार करा, उठा, नाचा, तो घसरता कामा नये. आईची गाठ वेगळी होती. वास्वाने पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून एकेका घडीचे फोटो काढले. शेजारच्या तेलगिरणीतले लोक बघायला यायचे. "नवरी तयार झाली का रे?"

जानेवारीत प्रोस्कोव्हियाचं चर्चमधलं लग्न होतं. आत्या पत्ता विचारत विचारत आली आणि तीन गोमेसी सांगून गेली. वास्वाला शोध लागला की प्रोस्कोव्हियाची स्वतःची साइट आहे. लंडनपासून म्बरारापर्यंतच्या मुली लग्न ठरलं की ती वाचतात. त्याचे डोळेच चमकले.

"आई, तिला म्हणू का, एक लिंक दे? शिलाईत थोडं कमी करू."

"म्हणून तर बघ. कात्री आहे हातात."

"अगं, पण ईस्टर..."

"शिलाई पूर्ण घ्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. आवडलं तर ती आपणहून सांगेल. नाही आवडलं तर मला कळायला हवं, का नाही ते."

लग्न झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वास्वा दिवसातून दहादा बघायचा. फेब्रुवारीत तर त्याने गठ्ठ्यातली कार्डंही मोजून पाहिली. पन्नास होती.

आणि एका मंगळवारी, एका फॉर्मची छपाई चालू असताना, त्याला ते दिसलं. प्रोस्कोव्हियाने लग्नाबद्दल लांबलचक लिहिलं होतं. केक कसा कलंडला, पाद्री कसा उशिरा आला. आणि मधेच, "सात तास नाचले, पण पट्टा तसूभरही हलला नाही. तो न्येंडोच्या नालोंगोने शिकवला तसा बांधला होता." 'न्येंडोच्या नालोंगोने' या शब्दांवर लिंक होती. पानाच्या तळाशी कुठे कोंबलेली नाही. वाक्याच्या पोटात, आपल्या जागी. वास्वाने आनंदाने फॉर्म उलटा छापला. चाळीस प्रती.

एकच लिंक. पण तिचा शब्द ऐकणारे लोक होते, आणि ती ज्याबद्दल बोलत होती ते तिने कमरेला बांधलं होतं. मार्च सुरू होताना साइट पुन्हा दिसू लागली, सहाव्या पानावर. मग बोस्टनमधल्या एका मुलीने गाठीचं पान तिच्या साइटवर सांगितलं. मग कपड्यांचा इतिहास शिकवणाऱ्या एका बाईने विद्यार्थ्यांसाठी तेच पान जोडलं. कोणालाही कोणी विनवलं नव्हतं. मार्च संपता संपता पहिल्या पानावर, खालून तिसरी.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी बाकावर चार बायका बसल्या होत्या आणि पाचवी उभी होती, हातात फोन घेऊन. "न घसरणाऱ्या पट्ट्याची नालोंगो ती हीच ना?"

"हीच, हीच," तेलगिरणीतून दोघे एकदम ओरडले.

"मला पोरीचा शाळेचा गणवेश पण हवाय."

"ते माझं काम नाही हो," आई म्हणाली. "नाकिमेराकडे जा, पेट्रोल पंपासमोर. तिच्यासारखी कॉलर मसाक्यात कोणी बसवत नाही."

वास्वा तिच्या कानाशी पुटपुटला, "आई, ती गोमेसीपण शिवते! सर्चमध्ये आपल्या वर आहे!"

"मग? कॉलर चांगली बसवते ती."

तिने खण ओढला आणि गठ्ठ्यातलं एक कार्ड काढलं. असेच पत्ते काढून देता देता गठ्ठा आता बराच बारीक झाला होता. कार्ड उलटं करून तिने कोऱ्या बाजूवर पेट्रोल पंप काढला, समोर एक चौकोन काढला आणि खाली नाकिमेराचं नाव लिहिलं.

"नालोंगोने पाठवलं म्हणून सांगा," ती म्हणाली, आणि पाय पेडलवर ठेवला.