शब्बाथला बोललेला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो. माझं ऐकून घ्यायची सवय आता कुणाला उरलेली नाही, तरी सांगतो. रामला गावात, बाजारामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर व्हायोलेट आजीच्या घरी फ्रीजच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. माझा एक पाय तुटलाय, त्या जागी बाटलीचं बूच चिकटवलंय. अँटेना वाकडी झालीय. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, आणि खरं सांगू का, माझं सगळं दुखणं त्या आवाजातच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. तेवढंच माझं बारसं. मग खोक्यात बसून मी जहाजाने हायफा बंदरात उतरलो आणि तिथून रामल्याच्या बाजारातल्या एका दुकानात आलो. आजीचा नवरा हेस्केल तेव्हा सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता. भुवयांवर कायम धूळ. त्याने माझ्यासाठी इतकी घासाघीस केली, की दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "अहो, न्या हो त्याला! आणि माझी सुटका करा!"

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. हेस्केल आणि व्हायोलेट दोघंही बगदादचे ज्यू. लहानपणी घरदार सोडून इथे आलेले, तंबूत वाढलेले. संध्याकाळी मी कैरो स्टेशनची गाणी लावली, की व्हायोलेट हातात डाव घेऊन गायला लागायची आणि भात करपायचा. समोरच्या दारात विदाद नावाची नवी सून आली होती. अरब घरातली. ती जिन्यातून ओरडायची, "व्हायोलेटमावशी, आवाज वाढवा की! एकट्याच काय ऐकता?" मग तीच येऊन बसायची. तिची धाकटी बहीण सुहैला सुट्टीत राहायला आली, की माझ्यापुढे ओढणी कमरेला बांधून नाचायची. पुढे सुहैलाचं लग्न खान युनिसला झालं. तेव्हा गाझात जाणं म्हणजे शेजारच्या गावाला जाणं. सकाळी निघालं, की दुपारच्या जेवणाला हजर. मग हळूहळू तो रस्ता बंद झाला. विदाद आणि सुहैला फक्त फोनवर भेटू लागल्या.

आमच्याकडे रेडिओला गाण्यांपेक्षा भलतीच कामं फार. एके वर्षी प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, जेव्हा सगळी स्टेशनं बंद असतात, तेव्हा मी अचानक बोलायला लागलो. 'जिराफाची मान', 'ओली विटकर' असले अगम्य शब्द मी एकामागून एक वाचत होतो. हेस्केलने एक शब्द ऐकला आणि तो बूट घालायला लागला. तो त्याच्या तुकडीला बोलवायचा शब्द होता. माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि घरचा माणूस लढाईवर गेला. तो परत आला, पण मला त्या दिवसापासून स्वतःच्या तोंडाची धास्तीच बसली.

पुढे इराककडून क्षेपणास्त्रं यायला लागली, तेव्हा आजी गॅसचा मुखवटा चढवून म्हणाली, "माझ्याच गावाहून येतायत मेली! जरा ओळख तरी ठेवावी!" हेस्केल हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

मित्रांनो, सगळ्यांचेच दिवस फिरतात. टीव्ही आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. हेस्केल गेला. त्यांची मुलगी ओर्ना नवऱ्यापासून वेगळी होऊन लहानग्या नेवोला घेऊन आईकडे राहायला आली. नेवोने दुधाचे दात माझ्या बटणावर घासले, तेव्हापासून त्या बटणावरचे आकडे गेले ते गेलेच. मग माझी रवानगी माळ्यावर झाली. इस्त्री आणि मोडकी छत्री, एवढीच सोबत. कुणी मला पुसलं नाही, विचारलं नाही. रागही आला. पण आता वाटतं, ती वर्षं सुखाची होती.

कारण मग तो ऑक्टोबर आला. सणाची सकाळ होती, शब्बाथही होता, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस. सायरन वाजला आणि सगळी बिऱ्हाडं जिन्यात येऊन बसली, कारण आमच्या जुन्या इमारतीत सुरक्षित खोली नाही. आजी आणि विदाद एकाच पायरीवर हात धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ओर्नाने मला माळ्यावरून काढलं, बॅटऱ्या घातल्या, आणि मी नावं वाचायला लागलो. गाझातून आलेल्या हल्लेखोरांनी मारलेल्यांची, पळवून नेलेल्यांची. दिवसच्या दिवस वाचत होतो. नंतर सैनिकांची नावं सुरू झाली. विदाद सुहैलाला फोन लावायची, तो कधी लागायचा, कधी नाही. आणि नेवो, ज्याचे दुधाचे दात मला लागले होते, तो गणवेश घालून गाझात गेला.

तेव्हा आजीने एक नियम केला. "आठवडाभर ऐका काय ऐकायचं ते. शब्बाथला माझ्या घरात बातमी नको. एक दिवस तरी घास सुखाने खाऊ दे."

युद्धाच्या दिवसांत त्याची सोयही असते. शब्बाथला आमच्यासारख्या घरांत विजेचं बटण कुणी दाबत नाही. लावायचं नाही आणि लागलेलं बंदही करायचं नाही. पण क्षेपणास्त्र आलं तर कळायला तर हवं! म्हणून काही स्टेशनं शब्बाथ लागताच गप्प होतात आणि फक्त धोका असला तरच बोलतात. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मला तिथे लावून ठेवायचं. मग मी दिवसभर चालू असतो, पण चकार शब्द बोलत नाही. हे काम ओर्नाच्या गळ्यात पडलं होतं. एका शुक्रवारी तिला उशीर झाला.

तिने माझं बटण घाईघाईने फिरवलं. एका ठिकाणी शब्बाथची गाणी लागली होती.

"आई, हेच ना गं ते?"

"गाणी लागलीत ना? मग तेच असणार. आण इकडे काडेपेटी."

ते स्टेशन ते नव्हतं. शेजारचं होतं, शुक्रवार म्हणून दोन गाणी लावणारं. मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण स्वतःचं बटण फिरवायला मला हात नाहीत. आजीने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून नेवोसाठी काहीतरी पुटपुटली. झालं, शब्बाथ लागला. आता मला कुणी हात लावणार नव्हतं.

गाणं संपलं आणि मी गाद्यांची जाहिरात ओरडायला लागलो.

"अगं बाई!" ओर्ना किंचाळली. "हा गप्प होत नाहीये!"

आजी द्राक्षरसाचा पेला हातात धरून आशीर्वाद म्हणत होती आणि मी मधेच एकावर एक उशी फुकट देत होतो. ओर्नाने जाडजूड रजई आणून माझ्यावर टाकली. आजी म्हणाली, "गुदमरेल ना बिचारा!" दोघी हसल्या. मलाही बरं वाटलं, म्हटलं, चला, निभावलं.

मग बातम्यांचे टोले पडले. रजईतूनही माझा आवाज स्पष्ट आला. गाझाच्या दक्षिण भागात आपल्या सैनिकांवर हल्ला झाला आहे. एक सैनिक मारला गेला आहे. कुटुंबाला कळवल्यावर नाव प्रसिद्ध केलं जाईल.

नेवो दक्षिणेलाच होता.

कुणी जेवलं नाही. फोन खणात होता, पण शब्बाथला फोन करायचा नसतो, आणि केला असता तरी काय? आत जाताना मुलांचे फोन काढूनच घेतात. मी मात्र दर तासाला तेच वाक्य बोलत राहिलो. किती वाटलं, की बॅटऱ्या संपाव्यात, काहीतरी जळावं, पण नेमक्या त्याच आठवड्यात ओर्नाने नव्या घातल्या होत्या.

सकाळी जिन्यात पावलं वाजली. आमच्याकडे ती पावलं सगळ्यांना माहीत आहेत. लष्कराची माणसं घरी येतात, दार वाजवतात, आणि मग त्या घरात काही उरत नाही. शब्बाथलाही येतात. दार वाजलं. ओर्नाने टेबलाची कड घट्ट धरली. "आई, उघडू नकोस. नको ना उघडूस," ती म्हणाली. आजीने उघडलं.

दारात विदाद होती.

"व्हायोलेटमावशी, तुमच्याकडे शब्बाथचा रेडिओ? मला वाटलं, बरं नाही की काय कुणाला!"

ओर्ना खुर्चीत बसून हमसाहमशी रडायला लागली. आजीने विदादला आत घेतलं. विदाद ज्यू नव्हती, तिने बटण फिरवलं तर चालणार होतं, पण तिला तसं सरळ सांगायचं नसतं, हा आमचा नियम.

"घरात फार गोंगाट आहे गं," आजी छताकडे बघत म्हणाली. "डोकं उठलंय अगदी."

"कळलं, कळलं. एवढ्या वर्षांत तुमचा एसी, तुमचा फ्रीज, तुमचा गिझर, सगळ्यांची डोकेदुखी मीच घालवलीय," विदाद म्हणाली. तिने रजई काढली आणि माझ्या बटणावर हात ठेवला.

नेमके तेव्हाच टोले पडले. मी आधी सैनिकाची बातमी सांगितली. नाव अजून नाही. मग म्हणालो, खान युनिस भागात रात्री हवाई हल्ले झाले.

विदादचा हात बटणावर तसाच राहिला. ती ते फिरवेना.

"विदाद," आजी हळूच म्हणाली, "सुहैलाचा फोन?"

"लागत नाही. मुलांनी टीव्ही बंद करून ठेवलाय. म्हणतात, अम्मा, तुझं बीपी वाढतं. घरात कुणी काही सांगतच नाही मला." आणि मग घाईने, "बंद करते हं, तुमचा शब्बाथ आहे, नेवोचं तुम्हाला..."

"राहू दे."

"आई!" ओर्ना म्हणाली. "काय करतेस हे? मला नाही आता ऐकवत!"

"मलाही नाही ऐकवत," आजी म्हणाली. "पण हिने कुठे जाऊन ऐकायचं? बस गं विदाद. बस इथे."

अशी ती शनिवारची दुपार गेली, मित्रांनो. रात्रभर मंद आचेवर शिजलेला कोंबडीभात आजीने वाढला. तपकिरी झालेली अंडी आणि अंबा, म्हणजे आमचं कैरीचं लोणचं, पुढे ठेवलं. कुणी ताटाला हात लावला नाही. दर तासाला टोले पडले, की तिघी माझ्याकडे बघायच्या. मायलेकींना वाटायचं, मी नेवोचं नाव घेऊ नये. विदादला वाटायचं, मी एकदा तरी सुहैलाचं नाव घ्यावं. आणि मी? मला जे मिळतं तेच माझ्या तोंडून येतं. सुहैलाला मी नाचताना पाहिलंय. पण ती कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आकाशात तीन तारे दिसले आणि शब्बाथ सुटला. ओर्नाने खणातून फोन काढला, तो चालू होताच वाजला. "आई, मी नेवो. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. मी ठीक आहे. जेवलोय."

"जेवलोय म्हणे!" ओर्ना रडत, हसत ओरडली. "इथे आमचा जीव जातोय आणि हा जेवलाय!" आजी भिंतीला टेकून खाली बसली. विदादने तिला मिठी मारली, "देवाने राखलं गं मावशी, देवाने राखलं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि ते तिच्या मनापासून होतं.

मग टोले पडले. मला त्या मुलाचं नाव सांगायची परवानगी मिळाली होती. नाव, वय, गाव. ओर्नाचं हसू तिथेच विरलं. "त्याची आई," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर खान युनिसबद्दल मी एक वाक्य बोललो. हल्ले चालू आहेत. त्यानंतर हवामान. उद्या ऊन पडेल.

विदाद वाकून माझ्याजवळ आली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"एवढंच?"

मी पुढची जाहिरात लावली. मला दुसरं काही येत नव्हतं. आजी उठली, तिने विदादचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवलं.

सुहैलाची बातमी अजून आलेली नाही. आता विदाद रोज येते. आजी चहा ठेवते, मला लावते, आणि टोले पडायच्या आधीच तिच्या शेजारी येऊन बसते.

मित्रांनो, मला पुसा, माझी अँटेना सरळ करा, असं मागणं मी करत नाही. माझं एवढंच ऐका. तुमच्या घरात, तुमच्या जिन्यात कुणी बातमीची वाट बघत बसलं असेल, तर त्याला माझ्यापुढे एकटं सोडून जाऊ नका. मला बोलता येतं. मला कुणाचा हात धरता येत नाही.